गिटार डाव्या हातानेच वाजवावी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सदुसष्ट, धंदा कापड बेतण्याचा, सध्या निवृत्त, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, खिडकीजवळच्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. हृदय कधीही दगा देईल असे डॉक्टर म्हणतात, पण डोके ठिकाणावर आहे असेही त्यांनीच लिहून दिले आहे. तो दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणायला दादा येऊन गेला होता, त्याला चहा देऊन परत पाठवले. या आधी मी मृत्युपत्र केलेले नाही. "ती मला तोंडी असं म्हणाली होती" असे कोणी म्हणू लागले तर ते खोटे समजावे.

कलम १. माझी माणसे. मी लग्न केले नाही, मूलबाळ नाही, आईबाबा केव्हाच गेले. राहिला थोरला भाऊ, दादा, आणि त्याची बायको, म्हणजे माझी वहिनी. दादा जन्मभर वाद्यवृंदात गिटार वाजवत होता. वाद्यवृंद मोडला, भाड्याचे घर सुटले, तेव्हापासून दोघे माझ्या वरच्या मजल्यावर राहतात. दादा लोकांना सांगतो, "बहीण एकटी पडली म्हणून आलो सोबतीला." त्याने खुशाल सांगावे. कागदावर मात्र नोंद असू द्यावी की हे घर माझ्या कमाईचे आहे, माझ्या एकटीच्या नावावर आहे, आणि त्यात दादाच्या घामाचे काही असेल तर ते फक्त जिना चढताना गळालेले.

कलम २. हत्यारे. मी डावखुरी. साध्या कात्रीने डावखुऱ्या माणसाला कापता येते, पण खडूची रेघ पात्याआड जाते. निम्मे आयुष्य मी न दिसणाऱ्या रेघेवर कापड कापले आणि एकदाही चुकले नाही. पुढे डाव्या हाताची मोठी कात्री मिळाली. मी जिथे नोकरीला होते त्या शिवणकामाच्या दुकानात काजे करणाऱ्या बाईला ती द्यावी. तीही डावखुरी आहे आणि अजून रेघ शोधत कापते.

त्या दुकानाच्या मालकांना बाह्यांचा एक जोड द्यावा. कपाटात, वरच्या फळीवर, कागदात गुंडाळून ठेवला आहे. शाळेच्या गणवेशाचे मोठे काम आले होते तेव्हा घाईघाईत मालकांनी स्वतः कापड अंथरले. थरावर थर रचले, पण सगळ्या थरांची सुलट बाजू वरच ठेवली. परिणाम असा की गठ्ठ्यातली प्रत्येक बाही डाव्या हाताची निघाली. सगळ्या कारागिरांसमोर मालक म्हणाले, "उलट्या हाताची बाई ठेवली की दुसरं काय होणार?" आणि सगळे हसले. जोड देताना मालकांना सांगावे की अंगाला बसतो का बघा.

कलम ३. बँकेत जे काही असेल ते अंत्यविधीचा आणि वकिलांचा खर्च जाऊन वहिनीला मिळावे. खाते तिच्या एकटीच्या नावावर उघडावे. दादाने "बघू जरा पासबुक" म्हटल्यास दाखवू नये.

कलम ४. आता गिटार. या कलमाला थोडे मागे जावे लागेल, त्याशिवाय पुढचे कलम वेडेपणाचे वाटेल.

दादा चौदाचा झाला तेव्हा बाबांनी त्याला गिटार आणली. मी धरली की डाव्या हाताने वाजवायला धरायची, त्यामुळे सगळे उलटे व्हायचे. दादाने माझे नाव 'उलटी' ठेवले. पाहुण्यांसमोर हाक मारायचा, "ए उलटी, पाणी आण." पाहुण्यांपैकी कोणीतरी नाक मुरडायचे आणि घरभर हसू फुटायचे. आमच्या भाषेत त्या शब्दाचे दोन अर्थ आहेत, हे मला शाळेत नाही, जेवणाच्या टेबलावर कळले. बाबा माझा डावा हात जेवताना माझ्याच केसांच्या रिबिनीने खुर्चीला बांधत. गाठ बघायचे काम दादाकडे होते आणि तो ते मनापासून करायचा.

तो बाहेर गेला की मी त्याची गिटार तशीच उलटी धरून वाजवायची. तारा खालच्या वर, वरच्या खाली. डोक्यात सगळे फिरवून घ्यायचे आणि वाजवायचे. एका दुपारी एक अख्खी धून जमली. बाबा ओसरीत बूट काढत होते. दार बंद होते. बाहेरूनच ओरडले, "वा रे माझ्या पठ्ठ्या! आज हात बसला!" तेवढ्यात दादा मागच्या दाराने घरात आला. बाबांनी दार उघडायच्या आत त्याने माझ्या मांडीवरून गिटार ओढून घेतली आणि स्वतः पलंगावर बसला. बाबांनी त्याची पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी गिटारच्या पेटीला कुलूप लागले. त्या शाबासकीच्या जोरावर दादाला क्लास लावला, क्लासाच्या जोरावर वाद्यवृंद मिळाला.

मला कधीतरी माझ्या हाताची गिटार हवी होती. दुकानात भिंतभर टांगलेल्या गिटारी असत, सगळ्या उजव्या. निवृत्त झाल्यावर मी गिटार घडवणाऱ्या एका कारागिराकडे गेले. त्याचे पहिले वाक्य होते, "बाई, कोणत्या हाताने वाजवणार?" तो हसला नाही. मोजमाप घेतल्यासारखा माझ्या बोटांकडे बघत राहिला. दोन वर्षे थांबले. तो मधून मधून बोलवायचा, लाकडाच्या पातळ फळीवर टिचकी मारून म्हणायचा, "ऐका. अजून बोलत नाही, पण बोलेल." शेवटी गिटार हातात आली तेव्हा मी ती मांडीवर घेतली आणि डोक्यात काहीही फिरवावे लागले नाही. एवढेच लिहिते. बाकीचे माझे.

कलम ५. मागच्या वर्षी मी इस्पितळात होते. माझ्या खालच्या घराची किल्ली वहिनीकडे होती, ती दादाने घेतली. त्याने माझी गिटार नेली, तारा काढल्या, उजव्या हातासाठी उलट क्रमाने लावल्या, आणि जाड तारा बसेनात म्हणून मानेच्या टोकाशी असलेल्या हाडाच्या पट्टीतल्या खाचा कानशीने घासल्या. मग जुन्या वाद्यवृंदाच्या स्नेहमेळाव्यात सगळ्यांसमोर ती वाजवायला बसला.

ही गिटार आतून-बाहेरून डावी आहे. खाली तारा जिथे टेकतात ती पट्टी मुद्दाम तिरपी बसवलेली असते. तारांचा क्रम उलटला की तो तिरपेपणा चुकीच्या बाजूला पडतो. मोकळ्या तारा सुरात लागतात, पण बोट दाबले की प्रत्येक सूर वाकडा. दादाने अख्खी धून तशीच रेटली. वहिनी तिथे होती. मला इस्पितळात येऊन म्हणाली, "वन्सं, पहिल्या रांगेतले उठून चहाला गेले. हे डोळे मिटून वाजवतायत!" हसताना माझी नळी निघेल म्हणून नर्सने वहिनीला बाहेर काढले.

दादाने मला मात्र सांगितले, "तुला फसवलंय त्या माणसाने. सूर लागतच नाही." कारागिराने गिटार नवी पट्टी घालून दुरुस्त करून दिली. खाचांचे हाड बदलता आले. दादाने "माफ कर" म्हटले नाही. म्हणाला, "तुझ्यामागे ती माझ्याकडेच येणार ना? मग मला हवी तशी करून घेतली तर बिघडलं कुठे?"

कलम ६. म्हणून असे ठरवते. माझ्यामागे एका महिन्याच्या आत दादाने या घराच्या बैठकीत, वाद्यवृंदाचे जुने सोबती, शेजारी आणि वहिनी यांच्यासमोर ही गिटार डाव्या हाताने वाजवावी. तारा जशा आहेत तशाच ठेवून, बाबांनी दाराबाहेरून ऐकलेली तीच धून, सुरुवातीपासून शेवटापर्यंत, न थांबता. त्याने ती पूर्ण वाजवली तर गिटार आणि वरचा मजला त्याचा. अर्धवट सोडली, किंवा तारांना हात लावला, तर काहीही त्याचे नाही.

या कलमाचा कच्चा खर्डा मी काही महिन्यांपूर्वीच दादाला वकीलबाईंसमोर वाचून दाखवला आहे.

तो म्हणाला, "वेड लागलंय का तुला? या वयात उलट्या हाताने?"

मी म्हटले, "मी सातव्या वर्षी उजव्या हाताने लिहायला शिकले. तुलाच गाठ बघायला बसवलं होतं."

"आणि नाही वाजवली तर? मी जाऊ कुठे?"

"ते मला विचारू नकोस, मी तेव्हा नसेन."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवले. दादा गेल्यावर म्हणाल्या, "मावशी, हे कायद्यात बसतं. माणसांत बसत नाही." मी म्हटले, "तुम्ही कायद्याचं बघा."

कलम ७. नोंद म्हणून लिहिते. गेले काही महिने दादा वरच्या मजल्यावर सराव करतो. स्वतःच्या जुन्या गिटारीच्या तारा त्याने उलट्या लावून घेतल्या आहेत. सकाळी मी भाजी चिरत असते तेव्हा छतातून ऐकू येते. तोच सूर, पुन्हा तोच, मग शिवी. त्याच्या उजव्या हाताची बोटे सोलली आहेत, वहिनी पट्ट्या बांधते. परवा जिना उतरून आला, दारात उभा राहिला.

"जरा दाखव ना," म्हणाला. "अंगठा कुठे ठेवायचा?"

मी दाखवले. अगदी नीट दाखवले. "मनगट सैल सोड. घाई करू नकोस. तुला जमेल."

त्याच्या डोळ्यांत पाणी आले. म्हणाला, "तू मनाने चांगली आहेस गं."

त्याने ही धून उत्तम वाजवावी अशी माझी मनापासून इच्छा आहे. आता निम्मी येते. डॉक्टरांनी मला तेवढा वेळ द्यावा.

कलम ८. हे कलम वेगळ्या लिफाफ्यात, लाखेने बंद करून वकीलबाईंकडे ठेवावे. मृत्युपत्र वाचताना हे सोडून बाकी सगळे वाचावे.

कलम ६ मी याद्वारे रद्द करते. दादाने वाजवली तरी आणि न वाजवली तरी खालचे घर, वरचा मजला आणि गिटार, सर्व काही एकट्या वहिनीच्या मालकीचे होईल. दादाला वर राहू द्यायचे की नाही हे तिने ठरवावे. तिला मी विचारले आहे. "गिटारचं काय करशील?" म्हटल्यावर ती पट्ट्यांची डबी बंद करत म्हणाली, "विकेन, वन्सं. कुणी डावखुरा आला की देईन. घरात एक वाजवणारा पुरे झाला." हे तिने दादाला सांगितलेले नाही. रोज सकाळी त्याला उठवून सरावाला तीच बसवते.

धून पूर्ण झाल्यावर लोक टाळ्या वाजवतील. मनसोक्त वाजवू द्याव्यात. दादा मान झुकवेल, त्याला ती सवय आहे. टाळ्या थांबल्या की वकीलबाईंनी लिफाफा फोडावा आणि हे कलम सर्वांसमोर मोठ्याने, सावकाश वाचावे. वाचायला सुरुवात करण्याआधी वहिनीने पुढे होऊन गिटार त्याच्या हातातून काढून घ्यावी. त्याच्या हातून ती खाली पडता कामा नये.

हे मृत्युपत्र अमलात आणण्याचा अधिकार मी वकीलबाईंना देते. वहिनीला साक्षीदार केलेले नाही, कारण ज्याला मिळायचे आहे त्याने साक्ष द्यायची नसते. खालील दोन्ही साक्षीदारांनी मला सही करताना आणि मी त्यांना सही करताना पाहिले आहे.

सही: घरमालकीण (उजव्या हाताने, बँकेत आहे तशी)
सही: घरमालकीण (डाव्या हाताने, आहे तशी)

साक्षीदार पहिला: गिटार घडवणारा कारागीर
साक्षीदार दुसरी: समोरच्या घरातली निवृत्त परिचारिका

स्थळ: माझे घर, खालची बैठक
दिनांक: नऊ मार्च, सकाळी, वरती सराव चालू असताना