खिडकीच्या कोपऱ्यातली भेग

शनिवार, ११ ऑक्टोबर २०२५. संध्याकाळचे ५ वाजून ४० मिनिटं. श्ट्राउबिंग स्टेशन. गाडी पंचवीस मिनिटं उशिरा आहे. गुडघ्यावर वही ठेवून लिहितोय.

प्रिय शमिका,

तुझे बाबा, म्हणजे काका, पलीकडच्या बाकावर बसलेत. अर्धा तास झाला, माझ्याकडे पाठ करून आहेत.

सकाळ चांगली गेली. आबेन्सबर्गमध्ये काकांनी दिसेल त्या भिंतीवर बोटाने टकटक केलं. नगरपालिकेत तीस वर्षं ओव्हरसियर होते ना! चौकात म्हणाले, एवढी मोकळी जागा आणि वाढदिवसाचा एक फ्लेक्स नाही, इथले नगरसेवक जन्मतच नाहीत की काय? मी हसलो. मी साइट इंजिनिअर आहे असं तू त्यांना सांगितल्यापासून ते मला नावाने हाकच मारत नाहीत. काय इंजिनिअर, हे घर किती जुनं? आणि मी, दुसऱ्या वर्षात डिप्लोमा सोडून इथे जर्मनीत आउसबिल्डुंगच्या प्रशिक्षणात गिलावा शिकणारा, दर वेळी मान हलवत होतो.

दुपारी इथे आलो. मनोरा दाखवला, मोठा चौक दाखवला. एक गल्ली मी मुद्दाम टाळत होतो, काका नेमके तिथेच वळले. पिवळ्या घरासमोर थांबून त्यांनी छत्रीचं टोक वर केलं. दुसऱ्या मजल्यावर, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग गेलेली. कोपऱ्याला गिलाव्याखाली जाळीचा तुकडा घातलेला नाही, म्हणाले, कुठल्या गाढवाचं काम हे?

त्या घराचा गिलावा गेल्या वर्षी आम्हीच केला. एकोणीस खिडक्या माझ्याकडे होत्या. अठरांना जाळी घातली. शेवटच्या खिडकीच्या वेळी जाळी संपली, पाऊस यायला लागला, मी तसंच लिंपून खाली उतरलो. वर्षभर ती खिडकी माझ्या डोक्यात आहे.

ते गाढव मीच, काका, असं तोंडातून निघून गेलं. मग माझ्याबद्दलचं सगळंच सांगितलं. त्यांनी खालूनच छत्रीचं टोक रोखत, एकेक करत बाकीच्या अठरा खिडक्या तपासल्या. मग विचारलं, तुला इंजिनिअर कोणी केलं?

तुझं नाव मी घेतलं नाही, घेणारही नाही. पण तुझ्या वतीने खोटंही बोलणार नाही. फोन करत नाही, कारण फोनवर तू मला ते खोटं निभवायला पुन्हा समजावशील. रेगेन्सबर्गला उतरलो की मी माझ्या खोलीवर जाईन आणि ते तुझ्याकडे येतील. ते खोटं तुझं होतं, हे त्यांना तूच सांग. त्यांच्या भीतीने बोललीस की माझी लाज वाटते म्हणून, ते मलाही कळायला हवं. हे पत्र पाकिटात चिकटवून त्यांच्याच हाती देतोय. ते फोडून बघणारे नाहीत. तू हे वाचत असशील, तेव्हा ते समोरच उभे असतील.

तुझाच,
गौरांग