तुझ्या लोणच्याची कीर्ती

माय, तुझं लोणचं परदेशात जाऊन आलं. तू स्वतः अकोल्याच्या पलीकडं कधी गेली नाहीस. तुझा भूगोल तिथं संपायचा आणि पुढचं सगळं जग 'तिकडं' या एका शब्दात मावायचं. तर तिकडं, समुद्रातल्या एका बेटावर, तुझा नातू गेला होता. भावाच्या घरी पाळणा हलला तेव्हा तुला जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळं हा नातू तुझ्या ओळखीचा नाही. पण तू त्याला चांगली माहीत आहेस. सगळं रामायण त्यातूनच झालं, म्हणून हे तुलाच सांगायला बसले आहे.

पुण्याला कंप्युटरवर नोकरी करणारं हे लेकरू सुटी काढून गेलं ते पाठीवर भलंमोठं दप्तर लादून. असं फिरणाऱ्यांना बॅकपॅकर म्हणतात. आपल्याकडची माणसं दिवाळीनंतर पाठीवर बोचकं घेऊन ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर जातात, त्यांना मात्र कुणी इंग्रजी नाव दिलेलं नाही. ती माणसं पोटासाठी जातात आणि ही पोट भरल्यावर, म्हणून असेल. तिथं स्वस्तातल्या एका खोलीत दहा अनोळखी पोरंपोरी एकावर एक रचलेल्या पलंगांवर झोपतात, एकमेकांच्या चपला घालतात, एकमेकांच्या बाटलीतलं पितात, आणि याला मोकळेपणा म्हणतात. कारंज्याच्या एस.टी. स्टँडवर लग्नसराईत हाच देखावा फुकट दिसतो, पण तिथं कुणाला मोकळं वाटल्याचं मी ऐकलं नाही.

तो निघाला त्या सकाळी मी धनजला, भावाकडं होते. वहिनी त्याच्या दप्तरात लिंबाच्या लोणच्याची बरणी कोंबत होती. तुझ्याच हातच्या रीतीचं, मुरवून काळं पाडलेलं. भाऊ म्हणाला, "कायले भरून राह्यली ते? तिथं काय उपाशी मरते का तो?" वहिनी म्हणाली, "तिकडचं सारं आळणी असते म्हनते. अन् काई खाल्लं-पेलं तर कामी येते." सगळे हसले. मीही हसले. काही खाल्लं-पेलं तर लोणचं, या वाक्यावर आपल्या घरात हसायची रीत आहे आणि ती तुझ्यापासून चालत आली आहे.

ती गोष्ट घरात सगळ्यांना पाठ आहे. महाशिवरात्र आहे. महादेवाच्या देवळामागं सकाळपासून पाट्यावर भांग वाटणं चाललं आहे, आणि दुपार कलते तसे गावातले एकेक प्रतिष्ठित तुझ्या अंगणात येऊ लागतात. म्हणजे दोघांनी दोन बाजूंनी धरून आणले जातात. आमचे शाळेतले मास्तर खाटेवर पडले आहेत आणि खाटेचे दोन्ही बाजूंचे दांडे घट्ट धरून तुला ओरडताहेत, "वहिनी, माही खाट हिरीत चालली." तू बरणीत बोट घालत म्हणतेस, "जाऊ द्या मास्तर, हिरीत पानी नाई." आणि लोणच्याचा खार त्यांच्या जिभेवर चोळतेस. "गिळा. अन् आता गुमान निजा." मी ओढणीत तोंड खुपसून हसते तशी तू माझ्या डोक्यात टपली मारतेस. "हासू नोको. उद्या त्याईले तुमा पोराईसमोर उभं राहा लागते." आणि मास्तर खरंच दुसऱ्या दिवशी वर्गात उभे होते, हातात छडी घेऊन, आदल्या दिवशी विहिरीत गेल्याची कुठलीही खूण नसलेले. गाव म्हणालं, लोणच्यानं उतरली. त्या गावात दर शिवरात्रीला माणसं चढली आणि दर शिवरात्रीला उतरली. तुझ्या अंगणात एकही दगावला नाही. घात तिथंच झाला.

आता बेटावरचं ऐक. मला हे त्यानं तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, बहुतेक वेळा भिंतीकडं पाहत. तिथं त्याला एक मुलगा भेटला, साताऱ्याकडचा. मराठी कानावर पडली एवढ्यावर दोघं भाऊ झाले. गावात असते तर घाटावरचा आणि वऱ्हाडातला म्हणून एकमेकांच्या बोलीवर हसत बसले असते. सगळीकडं बरोबर फिरायचे, पलंगही खालचा-वरचा. त्या किनाऱ्यावर दारू बादलीत देतात. मी विनोद करत नाही. लेकरं वाळूत खेळतात तेवढी प्लास्टिकची बादली, तिच्यात पाच-सहा नळ्या, आणि भोवती गोल बसून सगळ्यांनी ओढायचं. कुणी काय ओतलं ते त्या बादलीला माहीत. आपण बैलापुढं टोपलं ठेवतानासुद्धा आत हात घालून पाहतो.

आणि गोळ्या द्यायला एक गोरा होता. वयानं मोठा, जटा वाढवलेल्या, गळ्यात रुद्राक्षाची माळ. येता-जाता 'बम बम' म्हणायचा. "आत्या, मले तो आपल्या देवळातल्यासारखा वाटला," पोरगा म्हणाला. हे मी पेपरातल्या माझ्या विनोदी सदरात लिहिलं असतं तर लोक पोट धरून हसले असते. पण पाट्याभोवती बसलेली माणसं पाहत वाढलेल्या लेकराला दुसरं काय वाटणार? देवळामागं भांगेचा पेला हातात आला की आपण विचारत नाही आत काय आहे. वाटणारा शेजारच्या गल्लीतला असतो, त्याची म्हैस आपल्या शेतात शिरलेली असते. ती ओळख त्यानं सोबत नेली आणि जटा दिसताच काढून दिली. आदल्या दिवशी यानं अर्धी गोळी खाल्ली, काही झालं नाही, रात्रभर समुद्र छान दिसला म्हणे. दुसऱ्या दिवशी दुपारी सातारच्या पोरानं अख्खी खाल्ली आणि वरून बादलीला तोंड लावलं. एक गोळी दुसरीसारखीच दिसत होती. आत तेच आहे असं कुणी लिहून दिलं नव्हतं.

तो भिंत धरत खोलीत आला आणि खालच्या पलंगावर पडला. हाका मारल्या तर हूं म्हणेना. ओठ निळसर. इतर पोरं डोकावून गेली, कुठल्या कुठल्या देशांची, आणि प्रत्येकानं आपापल्या इंग्रजीत एकच सांगितलं: झोपू दे, उतरेल. सगळ्या जगात म्हणे एवढं एकच शास्त्र आहे. खालच्या काउंटरवर पाटी होती, नशेचे पदार्थ सापडले तर तुरुंग. यानं दवाखान्याची गाडी बोलवायला फोन हातात घेतला आणि ती पाटी आठवून ठेवून दिला. मग दप्तर उघडलं. बरणी काढली. त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि खार जिभेवर चोळला, अगदी तुझ्यासारखा, घरात शंभरदा ऐकलेला. "घोरून राह्यला होता आत्या, जोरात. म्हनून मले बरं वाटलं. म्हटलं, उतरून राह्यली." थोड्या वेळानं घोरणं थांबलं. याला वाटलं, आता शांत झोप लागली.

मी इथल्या एका डॉक्टरांना विचारलं, नाव न सांगता, कुणाचं तरी कुणीतरी म्हणून. ते म्हणाले, "ते घोरणं नव्हतं, ताई. श्वास अडकत होता. कुशीवर वळवायचं, तोंडात कणभरही काही घालायचं नाही, आणि पोलीस येवोत नाहीतर यमदूत, गाडी बोलवायची." मी विचारलं, मग भांगेला लोणचं? ते हसले. भांग आपोआप उतरते म्हणाले, लोणच्यानं उतरल्याचं त्यांनी पाहिलेलं नाही. म्हणजे इतकी वर्षं काम करायची रात्र आणि नाव व्हायचं तुझ्या बरणीचं. असे पुढारी मी ढिगानं पाहिले आहेत, त्यांच्यावर लिहून तर माझी चूल पेटते. एक आपल्याच फडताळात बसला आहे, हे काही दिसलं नाही. दोन दिवस मला तुझा राग आला होता. मेलेल्या माणसाचा राग हा फार गैरसोयीचा प्रकार आहे. भांडायला समोर कुणी नसतं आणि फोटोला हार तर आपणच घातलेला असतो.

सातारचं पोर गेल्यावर तिथल्या पोलिसांनी याला बसवून ठेवलं, विचारलं, विचारलं, आणि शेवटी विमानात घातलं. धनजला बायामाणसं भेटायला येऊ लागली. भावानं सगळ्यांना सांगितलं, सोबतच्या पोराला हार्ट अटॅक आला. एकीनं हळहळून झाल्यावर विचारलं, "तिकडचं साबन लय भारी असते म्हनते, आनलं का?" त्या दिवसापासून पोरगा माझ्याकडं कारंज्याला आहे. जेवायला बसतो, उठतो. माझ्या जिभेची सगळ्या तालुक्याला धास्ती आहे, पण त्याच्यासमोर मला भाजीत मीठ बरं आहे का, याच्यापुढं काही सुचत नाही.

आणि फोन येत होते. सातारच्या मुलाच्या आईचे. तिला म्हणे एकदाच आमच्या पोराशी बोलायचं होतं, शेवटी सोबत तोच होता म्हणून. पोराचा फोन भावाच्या ताब्यात होता. तो उचलायचा आणि सांगायचा, तब्येत बरी नाही. परवा भाऊ आणि वहिनी इथं आले. भावानं त्याला समोर बसवलं. "आता टाळनं बरं दिसत नाई. बोल. पन तिले सांगजो, मी वरच्या पलंगावर झोपलो होतो, मले काईच मालूम नाई. तिचं लेकरू काई वापस येत नाई, मंग तुह्या अंगावर कायले घेतं?"

मी म्हटलं, "अन् उद्या याला झोप येईल का?"

"तू चूप राह्य. तू लिहिनारी बाई, तुले जिकडंतिकडं लेखच दिसते." वहिनी पदरानं नाक पुसत म्हणाली, "आपलं वाचलं ना वन्सं, तेवढंच पाहा." दोघांचंही चुकीचं नव्हतं. आई-बापांचं अशा वेळी चुकीचं नसतंच, फक्त ते भयंकर असतं. पोरगा उठला. बापाकडून फोन घेतला आणि आतल्या खोलीत गेला. दार लोटलं, लावलं नाही. त्यानं फोन गादीवर ठेवून स्पीकर लावला. मी दाराशी उभी राहिले.

पहिलंच वाक्य तिनं विचारलं, "बाळा, जेवलास का?"

आणि हा फुटला. रडत रडत सगळं सांगितलं. गोळी, बादली, पाटी, ठेवून दिलेला फोन, बरणी. बाहेर भाऊ दोनदा उठला आणि दोनदा बसला. मला वाटलं, फोन कटला. मग तिचा आवाज आला, हिशेब जुळत नसला की माणूस पुन्हा विचारतो तसा.

"तोंडात काय दिलंस म्हणालास?"

"लोणचं. लिंबाचं."

"थुंकलं का त्यानं?"

"नाई."

"मग तवाच माझ्या हातचा गेला होता तो. त्याला आंबट तोंडात धरवायचं नाय. लहानपणी नुसतं बोट लावलं तरी ताट ढकलून द्यायचा." मग तिनं विचारलं, "लोणचं द्यायचं कुणी सांगितलं तुला?"

"आमच्या इकडं देतात."

"हां," ती म्हणाली. "आमच्याकडं ताक पाजतात. मी असते तर ताक पाजलं असतं."

फोन कुणी बंद केला ते मला कळलं नाही. भाऊ आत जाऊन त्याच्याशेजारी गादीवर बसला, नुसताच. वहिनीनं चहा ठेवला. तो कुणी प्यायला नाही.

हे तुला पाठवायची सोय नाही, आणि असती तरी मी पाठवलं नसतं. आयुष्यभर तुझं सगळ्या गावात नाव होतं. आता त्या नावाचं काय झालं ते तुला कळून काय उपयोग? पण एक लिहून ठेवते. लेकरू तिथं गादीवर बसून एका आईला खरं सांगत होतं, ती आई ते ऐकून घेत होती, आणि मी दाराआड श्वास धरून एवढ्याचीच वाट पाहत होते की, कुणी सांगितलं असं तिनं विचारल्यावर तो 'आजीनं' म्हणतो की काय. तो 'आमच्या इकडं' म्हणाला. मला हायसं वाटलं, माय.