ओटीपी त्याच्या फोनवर

मंगळवार, दिवे लावल्यावर

दाराची कडी लावली आहे. आत्ताच पुन्हा पाहून आले.

पोरीच्या स्कॉलरशिपच्या फॉर्मला बापाचंच आधार लागते म्हणे. शिकवते मी, राबते मी, पण माझं आधार चालत नाही. नेट कॅफेवाल्याला सांगितलं, आम्ही वेगळे राहतो. तर म्हणाला, "ताई, ओटीपी त्याईच्याच फोनवर जाईन. मी काय करू?" आज शेवटची तारीख. जाम गावातलं त्याचं घर सोडल्यापासून ज्याला आमचा पत्ता कळू दिला नाही, त्यालाच फोन लावला. तोही कॅफेवाल्याच्या मोबाइलवरून.

वाटलं होतं, शिव्या देईल. पण त्याने आकडे लगेच सांगितले, अगदी शांतपणे. हा माणूस इतका शांत कधीपासून झाला? फॉर्म भरला गेला. पोरगी किती खूश होती.

फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, "तिकडं नालवाडीत थंडी जास्त राह्यते. पोरीले स्वेटर घेऊन देजो."

नालवाडीचं नाव मी काढलंच नव्हतं.

पुन्हा उठून पाहिलं. कडी लागलेली आहे. किती बारीक आहे ती, आजच दिसलं.