ताप आला की कळवा

दि. २ नोव्हेंबर, रविवार

आदरणीय व्याही खुशालराव यांना देवमनचा मनापासून जयभीम. विहीणबाईंनाही सांगावा.

पत्राला फार उशीर झाला, माफी असावी. जुलैत आपली नात मैत्री झाली तेव्हाच लिहायला हवं होतं. तुम्ही प्रीतमच्या हाती पेढे पाठवले ते पोचले, गोड लागले. त्याच दिवशी दोन ओळी लिहायला बसलो होतो. पण जे लिहायचं ते दोन ओळींत मावेना, म्हणून कागद ठेवून दिला. तो आज काढला.

इकडे सगळं ठीक आहे. ठीक म्हणजे, माझा खोकला आहे तसाच आहे. जिनिंगात हमाली करताना जी रुई छातीत बसली ती आता माझ्याबरोबरच जाईल. सुंदराबाईचे गुडघे दुखतात, खाली बसली की धरून उठवावी लागते. सोयाबीन पावसात सापडलं, मजुरी कमी मिळाली. प्रीतम शनिवारी अमरावतीहून येतो, जेवतो, आईला मोबाइलमध्ये पोरीचे फोटो दाखवतो आणि कंपनीत परत जातो. आज सकाळीच गेला. माझ्याशी फार बोलत नाही. कोणाशीच बोलत नाही.

तुम्ही म्हणाल, घरात फोन असून पत्र कशाला. मला ऐकू कमी येतं. फोन मोठ्या आवाजावर ठेवावा लागतो, आणि घर दोन खोल्यांचं. एकूण एक शब्द सुंदराबाईच्या कानावर जातो. तिला वाचता येत नाही, म्हणून पत्र. आत्ता ती समोर दारात शेंगा फोडत बसली आहे. मघाशी म्हणाली,

“काय लिहून राहिले जी?”

“पेन्शनचा अर्ज.”

“एवढा लंबा?”

“सरकारी काम लंबंच रायते.”

“मंग माह्या गुडघ्याचंबी लिहा त्यात,” म्हणाली आणि हसली. फार दिवसांनी हसली. तेव्हा पेन खाली ठेवावा असं वाटलं होतं.

आता मुद्द्याचं. पौर्णिमा झाली की संध्याला आणि मैत्रीला घेऊन जा, असं तुम्ही प्रीतमला सांगितलंत. माझी हात जोडून विनंती आहे, सध्या त्यांना पाठवू नका. तुम्ही लगेच तापाल. एवढी वर्षं एस.टी.त कंडक्टरकी केलीत, समोरच्याने तोंड उघडायच्या आत तिकीट फाडायची तुम्हाला सवय आहे. ह्या खेपेला शेवटपर्यंत वाचा, मग काय फाडायचं ते फाडा.

एक तर इकडे थंडी पडली आहे. नळाला पाणी गढूळ येतं. मागच्या खोलीचं टिनपत्रं उडालं ते अजून बसवलं नाही. ही कारणं खरी आहेत, पण एवढ्यासाठी मी पत्र लिहिलं नसतं.

गावात घटसर्प आला आहे. आमच्या शेजारच्या लीलाबाईला तुम्ही ओळखता, लग्नात तुमच्या मंडळींना पोळ्या वाढणारी. तिची नात दामिनी गेली. अडीच वर्षांची होती. माझ्या काठीला लटकून झोका घ्यायची. आधी घसा दुखतो म्हणून रडली. मग मान सुजून डोक्याएवढी जाड झाली, घशात पांढरा पापुद्रा धरला. जीपमधून अमरावतीला नेली. परत आणली ती आईच्या लुगड्यात गुंडाळून. मी मातीला गेलो होतो. तिथून आलो तेव्हा लीलाबाई सुंदराबाईच्या गळ्यात पडून रडत होती आणि म्हणत होती, “आता आपण दोघी सारख्या झालो वं बाई.” सुंदराबाई तशीच उभी होती. तिने हात उचलून तिच्या पाठीवरसुद्धा ठेवला नाही. घरी आली आणि दोन दिवस जेवली नाही.

दामिनीला सुरुवातीच्या सुया मिळाल्या होत्या. पुढच्या घेतल्या नाहीत. का घेतल्या नाहीत ते तुम्हाला माहीत आहे, तरी लिहितो, कारण तिथूनच मला पुढे जायचं आहे.

आमच्या इथे इनायतुल्ला टेलरचा पोरगा अरीब डॉक्टर झाला आणि वस्तीच्या तोंडाशी त्याने दवाखाना टाकला. सरकारी केंद्र लांब. तिथे पोर न्यायचं म्हणजे बाईची दिवसाची मजुरी बुडते. अरीबचा दवाखाना संध्याकाळी उघडा असायचा. मग ती योजना आली. लस सरकारची, टोचणार खाजगी डॉक्टर, आणि त्याची फी सरकार भरणार. आपल्याला एक पैसा नाही. अरीबने बोर्ड लावला. वावरातून आलेल्या बाया हातपाय न धुता पोरं घेऊन रांगेत उभ्या राहायच्या. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. आपल्या संध्याचा सुमेधही तिथेच जात होता.

सुमेध गेला आणि लोकांना एकदम आठवलं की डॉक्टरला पोरामागे सरकार पैसे देतं. आपण खिशातून द्यायचो तोवर तो भला माणूस होता. “पैशासाठी टोचत सुटला होता लेकाचा,” असं जो तो म्हणायला लागला. दवाखान्यावर दगड पडले. आणखीही बरंच बोलले लोक, त्याच्या जातीधर्मावरून, ते मी लिहीत नाही. अरीबने बोर्ड काढला. आता आशाताई दारोदार फिरते, तिला प्रत्येक दारात एकच उत्तर मिळतं, “देवमनबुवाच्या नातवाचं काय झालं, पाह्यलं नं?” दामिनीच्या वेळी लीलाबाईने हेच उत्तर दिलं होतं. मी ओट्यावर बसून ऐकलं होतं.

दामिनी गेल्यावर मी अरीबकडे गेलो. म्हटलं, बाबू, पुन्हा सुरू कर. तो म्हणाला, “काकाजी, मी आज बोर्ड लावतो. पण येईल कोण?” मग दार लोटून घेतलं आणि विचारलं, “काकाजी, त्या दिवशी घरी काय झालं होतं? मी कोणाले सांगणार नाही. मले फक्त माह्यासाठी माहीत पाहिजे. माह्याकडून काही चुकलं काय?” त्याचे केस पांढरे व्हायला लागले आहेत, खुशालराव. वय प्रीतमएवढं.

मी म्हणालो, “काही नाही झालं रे बाबू,” आणि काठी घेऊन उठलो.

झालं होतं.

मागच्या वर्षीचा उन्हाळा. सकाळी संध्या सुमेधला टोचून घेऊन आली. अरीबने तिला सांगितलं होतं की ताप येईल, घाबरू नको. ताप आला म्हणजे औषध कामाला लागलं समज. अंगावर पाज, दुसरं काही देऊ नको. तिने घरी येऊन आम्हाला शब्दन् शब्द सांगितलं. सुंदराबाई म्हणाली, “म्या तीन वाढवले, मले नोको शिकवू.” रागाने नाही, थट्टेनेच म्हणाली.

दुपारी पोराचं अंग तापलं. किरकिर करून करून तो झोपला. संध्याचाही कूलरच्या वाऱ्यात डोळा लागला. सुंदराबाईने त्याला अलगद उचललं, म्हणाली, पोरीले झोपू द्या. सहाणेवर घुटी उगाळली. मी बाजेवर पडून पाहत होतो. झोपेतल्या पोराच्या तोंडात तिने चोचीचं बोंडलं घातलं आणि त्याने गिळावं म्हणून त्याचं नाक चिमटीत धरलं. आमची सगळी पोरं तिने अशीच पाजली. तिच्या आईने तिला असंच पाजलं असेल. पोराला ठसका लागला, पण आवाज फुटला नाही. ओठ निळे झाले. तिने त्याला पालथा घातला, पाठ थोपटली, तोंडावर फुंकर मारली. काही झालं नाही. मग ती ओरडली.

संध्या धडपडत उठली तेव्हा पोर आजीच्या छातीशी होतं आणि आजी म्हणत होती, “सुईनं नेलं वं, सुईनं नेलं माह्या राजाले.”

संध्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “हो.”

तुम्हाला आठवत असेल, तालुक्याहून साहेब आले होते. बाळाला तपासायला नेऊ द्या, म्हणजे कशाने गेलं ते कळेल, असं म्हणत होते. मी आडवा झालो होतो. चिरफाड नको, चिरफाड नको म्हणत अंगणात बसलो होतो. तुम्ही माझ्या बाजूने बोललात. आजा आहे, जीव तुटतो, असं तुम्ही साहेबांना म्हणालात. जीव तुटतच होता. पण कशाने गेलं ते कळू नये, म्हणून मी बसलो होतो.

सुंदराबाईला काय माहीत आहे, मला माहीत नाही. आम्ही त्यावर कधी बोललो नाही. ते बोंडलं पितळी होतं, तिच्या आईचं, प्रीतम त्यातूनच वाढला. त्या दिवसापासून ते घरात दिसलं नाही. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. लोकांचं लेकरू कोणी तिच्या मांडीवर देऊ केलं तर ती हात मागे घेते.

तिने मुद्दाम केलं नाही. हे तुम्हाला सांगायची गरज नाही, पण लिहितो. शिव्या द्यायच्या असतील तर मला द्या. ती गेली की मग सांगू, असं मी ठरवलं होतं. तोवर कोणाचं काय बिघडतं, असं वाटायचं. पण मैत्रीला अजून एकही सुई लागलेली नाही. चार महिने होत आले. प्रीतमने विषय काढला तर संध्या म्हणाली म्हणे, “एक दिला तुमच्या सुईले, दुसरं मागू नोका.” ती माझ्या एका ‘हो’वर विसंबून पोरीला जपून राहिली आहे. आणि तुम्ही तिला तशीच ह्या गावात पाठवणार.

म्हणून हे पत्र संध्याला वाचून दाखवा. तुम्ही वाचून फाडून टाकाल, पोरीच्या जखमेवर पुन्हा कशाला, असं म्हणाल, ही मला भीती आहे. फाडू नका. ती रडेल, ओरडेल, आमचं तोंड पाहणार नाही. न पाहो. तिने सासरी पाय ठेवला नाही तरी प्रीतमने तिच्याकडे जाऊन राहावं, मी त्याला अडवणार नाही. त्याला अजून यातलं काही माहीत नाही. तिला कळलं की मी अमरावतीला जाऊन त्याला तोंडाने सांगेन. मग अरीबला, मग लीलाबाईला. लीलाबाईला काय सांगू ते अजून सुचत नाही.

सुंदराबाईने मैत्रीसाठी कुंची शिवली आहे, लाल, कडेला मणी. ती पाठवत नाही. तुम्हाला आता ती घरात नको वाटेल.

प्रीतम म्हणत होता, तुमच्या जठारपेठेत एका खाजगी दवाखान्यावर तसाच बोर्ड आहे. तिथे पैसे पडत नाहीत, डॉक्टरला सरकार देतं. फुकटचं नको वाटलं तर पैसे मोजून दुसरीकडे घ्या. कुठेही घ्या, पण घ्या. राहिलेल्या सगळ्या सुया मिळतील काय, ते डॉक्टरला विचारा. आणि टोचल्यावर तिला आईच्या दुधाशिवाय काही देऊ नका. विहीणबाईंना सांगा, रागावू नका म्हणावं, पण घुटी नको.

हे पाकीट मी उद्या स्वतः जीपने जाऊन दर्यापूरच्या पोस्टात टाकणार आहे. इथल्या पेटीवर माझा भरवसा नाही. पोचेल ना, ही काळजी आता सुरू झाली आहे. गल्लीचं नाव बरोबर लिहिलं की नाही, तेही पुन्हा पाहतो.

फोन करा. सुंदराबाई ऐकत असेल, म्हणून बाकी काही बोलू नका. शिव्या पत्राने पाठवा, मी वाचीन. फोनवर एवढंच म्हणा की पोरीला ताप आला होता, उतरला; मी समजेन, सुई झाली. सुंदराबाई घाबरेल, मला विचारेल, कायचा ताप, काहून आला. मी तिला काय सांगायचं ते पाहीन. कदाचित तिला न सांगताच सगळं कळेल. कळू द्या.

तुमचा फोन येईपर्यंत मी फोन उशाशीच ठेवणार आहे. लवकर कळवा, खुशालराव. फार दिवस लावू नका.

संध्याने ना म्हटलं नाही तर मैत्रीचा आजा,
देवमन