बैसाण्यांचा ताका

५ जून
अनु. जातीच्या कारखानदारांसाठीचा वर्ग सुरू. कारखानदार म्हणजे आम्हीच, काल-परवापर्यंत दुसऱ्याच्या लूमवर पाळ्या करणारे. मॅडम कॉम्प्युटरवर डिझाइन भरायला छान शिकवतात. शेवटी मात्र म्हणाल्या, "धंद्याच्या कार्डावर आडनाव नका छापू, मार्केटात सोपं जातं." सोपं कुणाला? बैसाणे आहे, बैसाणेच छापणार.

१० जून
माझा नवा रेपियर माग सारखा थांबतो. आडवा धागा तुटला की सेन्सर मागच बंद करतो. जुन्या लूमवर असले नखरे कुणी चालवून घेतले? सवयीने सेन्सर बंद करून टाकला. दिवसभर माग झकास चालला. नमुन्याचा कापडाचा ताका तयार. खुशीत.

१२ जून
खुशी उतरली. ऑर्डर देणाऱ्या मार्केटातल्या शेठने ताका उजेडात धरला. जागोजागी रेघा, धागाच नाही. म्हणाला, "तुम लोग मजदूरी ही करो, बैसाणे."
चूक माझी, शंभर टक्के. पण 'तुम लोग' कशाला? इतरांचा माल खराब निघतो तेव्हा फक्त माल परत जातो. तोंडावर म्हटलं, "गलती मेरी है सेठ, बिरादरी की नहीं. दूसरा ताका लाऊंगा." अजून डोकं भणभणतंय.
ही पहिली ऑर्डर गेली तर पुन्हा पाळी. नाही करणार.

१४ जून
वर्गात सरळ विचारलं, माग का थांबतो. हसले दोघेतिघे. हसू देत, त्यांनीही तेच केलं असणार. मॅडम पांडेसऱ्याला माझ्या मागावर येऊन बघून गेल्या. धाग्याला ताण जास्त होता, बस. सेन्सर चालू. आता थांबला की मीही थांबतो, शिव्या देत.

१८ जून
शेठने नवा ताका उलटापालटा केला. खोट सापडेना. "माल अच्छा है. बिल मेरे साले के नाम से बनाएंगे. खरीदनेवाली पार्टी नाम पूछती है."
नाही म्हटलं. ताका खांद्यावर टाकून लिंबायतला घरी परत. ऑर्डर हातची गेली.
मायला सांगितलं. भाकरी थापता थापता म्हणाली, "कापड तुनं, नाव बी तुनंज राही." आणि जेवायला वाढलं.
उद्या ताका घेऊन शेठच्या समोरच्या दुकानात जातो. तिथला नाही म्हणाला तर शेजारच्या. दुकानं पुष्कळ आहेत आणि मला चालायची सवय…