सातशे ग्रॅम कमी

उवडाल, ३ जून १९९८

चि. रंगहिल्ड हिस अनेक आशीर्वाद, वि. वि.

टक्, टक्, टक्. त्रेसष्ट वर्षं झाली, पण तो आवाज अजून कानात आहे. धुकं इतकं दाट होतं की पुढे चालणाऱ्या बाबांची पाठही दिसेना, आणि त्या धुक्यातून रेनडियरचा कळप आमच्या दोन्ही बाजूंनी निघून गेला. दिसला एकही नाही. नुसते पावलांचे सांधे वाजत होते, शे-दीडशे घड्याळं पठारावरून चालत निघावीत तसे. मी चौदा वर्षांचा होतो. पुढे पस्तीस वर्षं शाळेत मुलांकडून कविता पाठ करून घेतल्या, पण तशी ओळ एकाही पुस्तकात सापडली नाही.

आज हे आठवायला कारण तुझे चिरंजीव. स्टाइन काल कॉफीला आला होता. जाताना, बूट चढवता चढवता, सांगून गेला की यंदाच्या शिकारीत मामाने वरच्या खोपीत राहायचं आणि सगळ्यांसाठी बटाटे उकडायचे. गेल्या वर्षी चढावर मी तासभर दगडावर बसलो, ते आमच्या शिकारी टोळीच्या या म्होरक्याने बरोब्बर ध्यानात ठेवलंय. बसलो होतो, नाही म्हणत नाही. दम लागला होता. पण खोपीत बसून ऐकू येतं ते फक्त पातेलं.

तेव्हा मी ठरवलंय. वय काही उतरत नाही, तर बंदूक उतरवू. बाबांनी बर्चच्या लाकडातून कोरलेला दस्ता काढायचा आणि त्या जागी नव्या तऱ्हेचा, काचतंतूंचा हलका दस्ता बसवायचा. टपालाने मागवलाय. सातशे ग्रॅम वाचतात. हे वाचून फोन करू नकोस. फोनवर तू ओरडतेस. पत्रात निदान ओळी सरळ असतात.

तुझ्या रागासकट तुझा लोभ हवा असलेला,
हालवर्ड


बर्गन, ११ जून

ती. दादास, सा. न. वि. वि.

ओळी सरळच आहेत, नीट वाच. स्टाइनला बोल लावू नकोस. तुला खोपीत बसवायला मीच त्याला सांगितलं होतं.

आमचे हे असेच दगडावर बसले होते. जरा दम खातो, तुम्ही व्हा पुढे, म्हणाले. सगळे पुढे गेले. हाकेच्या अंतरावर कोणी नव्हतं. स्टाइन तेव्हा तिशीचा होता, तोच परत गेला शोधायला. त्याच दगडावर ते त्याला गार झालेले सापडले, तुला ठाऊक आहे.

आणि बाबांचं लाकूड काढून तिथे प्लास्टिक? सातशे ग्रॅम म्हणजे तुझ्या डब्यातलं तपकिरी चीज, दादा. ते जरा कमी खा, बंदुकीला हात न लावता तेवढंच वजन उतरेल. मी रोज सकाळी इथला डोंगर चढते, मला दमाचं सांगू नकोस. तू सत्त्याहत्तरचा आहेस.

भांडण चालू ठेवून, माया न सोडता,
रंगहिल्ड


उवडाल, २ जुलै

चि. रंगहिल्ड हिस अ. आ.

हसणार असशील तर आधी दार लावून घे, शेजारी ऐकतील.

दस्ता आला. हातात घेतला तर अंड्याच्या टरफलासारखा. पण नळीमागचा पोलादी सांगाडा त्यात कागदभर सैल बसत होता, आणि सैल बंदूक दरवेळी वेगळीकडे मारते. उपाय सोपा आहे. खाचेत इपॉक्सीचा लगदा भरायचा, त्यात सांगाडा दाबून बसवायचा, लगदा वाळला की तंतोतंत साचा तयार. फक्त पोलादाला आधी मेण चोळायचं, नाहीतर ते कायमचं चिकटतं.

मेण आपल्या घरात कमी आहे का? तळघरातला स्कीच्या मेणांचा डबा काढला. वेष्टनं केव्हाच गळून गेलेली. त्यातली एक कांडी घेतली आणि पोलादाला भरपूर चोळली. दुसऱ्या दिवशी बंदूक हलेना. मी घसरायचं मेण समजून, चढावर स्कीने बर्फ धरावा म्हणून लावतात ते चिकट मेण चोळलं होतं. चालायच्या आधी स्कीवर उभा राहिलेला माणूस मी, आणि ही चूक!

स्टाइन आला, दोन्ही हातांनी ओढून पाहिलं आणि म्हणाला की मामा, आता ही भिंतीवर टांगा, शोभेल. त्याच क्षणी ठरवलं की ही सुटणार. मांसाच्या आणि क्लाउडबेरीच्या पिशव्या बाजूला सारून बंदूक दोन दिवस मोठ्या फ्रीजरमध्ये झोपवली. गारठून पोलाद आकसलं. रबरी हातोडीने चार टोले दिले, आणि पाचव्याला ती सुटली. मग पहिल्यापासून सगळं पुन्हा केलं, या खेपेला मेणाची कांडी आधी बुटाच्या तळव्यावर घासून पाहून.

नळी दस्त्याला कुठे टेकता कामा नये, म्हणून खालून कागदाची पट्टी सरकवून पाहतात. तुझ्या पत्राची पट्टी कापली. तुझं रागावणं या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेलं, कुठे अडकलं नाही.

बाबांचा दस्ता फेकलेला नाही. तेल लावून पलंगाशेजारी ठेवलाय.

तुझा हट्टी दादा,
हालवर्ड


बर्गन, ९ जुलै

ती. दादास, सा. न.

हसले. शेजारीण विचारायला आली. पण माझं मत बदललेलं नाही. हलकी बंदूक खांद्याला जास्त धक्का देते, हे मलाही कळतं. आणि खांद्याचं मला काही वाटत नाही, मी कशाबद्दल बोलतेय ते तुला समजतं.

रंगहिल्ड


उवडाल, १८ ऑगस्ट

चि. रंगहिल्ड हिस अनेक आशीर्वाद.

दरवर्षीची नेमबाजीची परीक्षा झाली. सरावाच्या तीस गोळ्यांनी खांदा ब्लूबेरीच्या रंगाचा झाला, तुझं बरोबर होतं. पण शंभर मीटरवर पाच गोळ्या, पाचही वर्तुळात. परीक्षक माझा जुना विद्यार्थी निघाला. शाळेत त्याला कधी पूर्ण गुण दिले नव्हते, तरी त्याने दिले.

त्यानंतर स्टाइनशी नीट बोलणं झालं. तो ओरडला नाही, हेच जड गेलं. म्हणाला, "मामा, बंदुकीचं मला काही नाही. तुमच्या हाकेच्या अंतरावर दिवसभर कोणी चालणार असेल तर या. मी पुन्हा एकट्या दगडापाशी जाणार नाही." टोळीत चौघे आहेत, प्रत्येकाची टेकडी ठरलेली. माझ्यासाठी कोण मागे राहणार? मी ते मागणारही नाही.

पण बटाटे उकडणार नाही. परवा शिकार सुरू होतेय. माझा परवाना आहे, माझी बंदूक आहे, आणि पठारावरचं धुकं कोणाच्या मालकीचं नाही. मी एकटा निघणार, सावकाश, दगडावर बसत बसत. उठता आलं नाही तर तिथे झोपेन, पण पातेल्यापाशी नाही. तू रागावशील. रागाव, पण स्टाइनला दोष देऊ नकोस आणि

दारावर थाप पडतेय. मंगळवारी भर दुपारी इथे कोण येणार?

खिडकीतून पाहिलं. अंगणात स्टाइनची गाडी आहे. तो आंबट तोंड करून कोणाची तरी पाठपिशवी धरून उभा आहे. त्याच्या पुढे झिजलेले डोंगरी बूट, हातात काठी, आणि दारातूनच सांगणं चाललंय की चढ मला रोजचा आहे, तू बसशील तिथे मी बसेन, तू उठशील तेव्हा उठेन, दादा, आता दार उघड.

रंगहिल्ड, थांब, आलो.