कोरी नळी

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र. इकडे सगळं ठीक आहे. तुझी भावजय बरी आहे, तिचा गुडघा मात्र रोज नवीन तक्रार काढतो. प्रयोगशाळेतल्या जुन्या नोंदवह्या संगणकावर चढवायचं काम सध्या आमच्या गळ्यात पडलंय. ज्याने लिहिली त्यानेच चढवायची, कारण दुसऱ्याचं अक्षर कुणालाच लागत नाही. त्यामुळे दिवसभर स्वतःचंच अक्षर वाचत बसतो.

एक विचारायचं होतं. तुझ्या शिवणाच्या दुकानात काजं-बटणं करायला एक बाई यायची, त्या रंगाऱ्याची बायको. अजून येते का? सहज विचारलं.

भाच्या-जावयांना आशीर्वाद. तुझी बोलणी खायची सवय आहे, ती मोडू देऊ नकोस.

तुझा,
बारक्या


९ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बेचाळीस वर्षांचा झालास तरी तुझं ‘सहज’ मला कळतं. लहानपणी फडताळातली काचेची बरणी फोडलीस, तेव्हाही संध्याकाळी येऊन त्या बरणीची आपल्याला फार गरज असते का, असं सहजच विचारलं होतंस.

ती बाई तीन वर्षांपूर्वीच गेली. गेली म्हणजे मीच घालवली. तिचा नवरा औषधाच्या दुकानात चोरी करायला शिरला, म्हाताऱ्या दुकानदाराला लोखंडी गजाने मारलं, बिचाऱ्याचा एक डोळा गेला. आणि त्याला पकडून देणारा कोण, तर माझा भाऊ. माप द्यायला आलेली प्रत्येक बाई तेच विचारायची. मीही तिखटमीठ लावून सांगायचे, की खिडकीच्या कडीवर नुसता घामाचा अंश राहिला होता, डोळ्यांना दिसणारही नाही एवढा, आणि माझ्या भावाने तेवढ्यातून माणूस ओळखला. ती कोपऱ्यात खाली मान घालून काजं करत असायची. मग बायका कुरकुरायला लागल्या, तिच्या हातचं नको म्हणून. मी तिला सांगितलं की काम कमी झालंय. काम कमी झालं नव्हतं.

तुझं नाव छापून आलेलं कात्रण अजून माझ्या मशीनमागच्या भिंतीवर आहे. आता काय फोडलंस ते सरळ लिही. वहिनीच्या गुडघ्याला शेक द्यायला सांग, आणि चार ओळींची पत्रं पाठवून माझी बोळवण करू नकोस.

तुझी,
ताई


१४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ते कात्रण काढून टाक.

सरळच लिहितो. आम्ही डीएनएचे नमुने तपासतो तेव्हा त्यांच्याबरोबर एक रिकामी नळीही चालवतो. तिच्यात नमुना घालत नाही, बाकी जे पाणी, जी रसायनं इतर नळ्यांत जातात, ती सगळी तिच्यातही जातात. शेवटी तिच्यात काही दिसता कामा नये. दिसलं, तर कुठेतरी भेसळ झाली, हातातून, टेबलावरून, कुठूनही, आणि त्या दिवसाचं सगळं काम बाद. तिला आम्ही कोरी नळी म्हणतो.

दुसरा नियम असा, की गुन्ह्याच्या जागेवरचा नमुना आणि संशयिताच्या गालातून घेतलेला नमुना एका दिवशी एका टेबलावर उघडायचे नाहीत, नाहीतर एकातला अंश दुसऱ्यात जातो आणि माणूस जिथे गेलाच नाही तिथे सापडतो. मी उघडले. सकाळी रंगाऱ्याच्या गालाचा, दुपारी कडीचा. मध्ये टेबल पुसलं होतं. मला लवकर निघायचं होतं.

कोऱ्या नळीत काहीतरी पुसट दिसलं. कुणाचं ते सांगता येण्याइतकं नव्हतं, पण नळी कोरी नव्हती. मी सगळं काम बाद करायला हवं होतं. मी फक्त ती एक नळी पुन्हा चालवली. या वेळी स्वच्छ निघाली, आणि अहवालाला तीच जोडली. पहिल्या वेळची नोंद वहीच्या समासात पेन्सिलने आहे: ‘किंचित. पुन्हा केली. ठीक.’ गेल्या महिन्यात ते पान संगणकावर चढवायला घेतलं आणि हात थांबला.

कोर्टात त्याच्या वकिलाने विचारलं होतं, की तपासण्या सगळ्या स्वच्छ होत्या का. मी हो म्हणालो. तेव्हा ते मला खोटंसुद्धा वाटलं नाही. त्याच्याविरुद्ध दुसरं काहीच नव्हतं. कुणी पाहिलं नव्हतं, दुकानदाराला चेहरा आठवत नव्हता. तो आधीच्या आठवड्यात समोरच्या इमारतीला रंग देत होता, एवढ्यावरून पोलिसांनी उचलला होता. सात वर्षांची शिक्षा झाली, त्यातली तीन भोगून झाली.

ताई, मला फार लाज वाटते. जेवताना हिच्या नजरेला नजर देत नाही. तिला वाटतं, गुडघ्याची कुरकुर ऐकून मी वैतागलोय.

रागव, पण पत्र पाठव.

तुझा,
बारक्या


१९ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
आशीर्वाद.

तुझ्या पत्राला मी आधी एक उत्तर लिहिलं होतं, ते फाडून टाकलं. त्यात लिहिलं होतं की वही मिट आणि तोंडही मिट. नोकरीची सोळा वर्षं राहिलीत. त्यानेच केलं असेल, नाहीतर पोलीस उगाच कशाला उचलतील. टपालात टाकायच्या आधी एकदा वाचलं, आणि माझीच मला किळस आली.

मग कात्रण काढायला घेतलं. त्यात तू नमुने तपासल्याची तारीख छापली आहे. तीन वर्षं ते डोळ्यांसमोर होतं आणि माझ्या लक्षात आलं नाही. माझ्या लेकीच्या लग्नाचा आदला दिवस. त्या दिवशी मी तुला सहा फोन केले होते. संध्याकाळच्या आत मामा पोचला नाही तर जन्मात बोलणार नाही, असं म्हणाले होते. लवकर कशासाठी निघायचं होतं ते तू लिहिलं नाहीस. माझी अशी पाठराखण करू नकोस, ती मला सोसत नाही. आणि माझ्या आड लपूही नकोस. फोन मी केले, पेन्सिल तू चालवलीस.

साहेबांना कळव. तोंडी नको, लेखी दे, आणि एक प्रत स्वतःजवळ ठेव. मला मशीनवर बसवत नाही. समोर भिंतीवर कात्रणाएवढा स्वच्छ चौकोन उमटलाय, बाकी भिंत मळलेली आहे.

तू पोरगा म्हणून वाईट नाहीस, एवढं धरून चाल.

तुझी,
ताई


२७ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

लेखी दिलं. साहेबांनी आधी दोन दिवस विचार कर म्हणून कागद परत केला. मी दोन दिवसांनी तोच कागद, तसाच दिला. मग त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि मला धीर देत म्हणाले की काळजीचं कारण नाही, कडीवरून पुसून घेतलेला कापूस पुन्हा तपासू, एका दिवसात खरं-खोटं होईल.

कापूस शिल्लक नाही. अर्धा राखून ठेवायचा असतो. नमुना पुसट होता, लवकर उत्तर मिळावं म्हणून मी सगळाच वापरला होता. हे सांगितल्यावर साहेब म्हणाले की मी आता नमुन्यांना हात लावू नये. मला कागदपत्रांच्या खोलीत बसवलंय. जाता-येता लोक नमस्कार करतात तो आधीपेक्षा जास्त वाकून करतात, आणि तो फार लागतो.

अपिलाचे कागद वकिलाकडे गेलेत. घरी हिला सगळं सांगितलं. ती म्हणाली की निदान गुडघ्यावरचा आळ तरी गेला. तेवढंच आम्ही हसलो.

असाच आधार दे.

तुझा,
बारक्या


६ नोव्हेंबर

चि. बारक्यास,
आशीर्वाद.

रंगारी अपिलात सुटून घरी आला, हे तुला कागदांवरून कळलंच असेल. मंगळवारी मी त्यांच्याकडे गेले होते. ती आता एका शाळेत जिने आणि फरशा पुसते. मी तिची माफी मागितली, पुन्हा कामाला ये म्हटलं. तिने सगळं ऐकून घेतलं, प्यायला पाणी दिलं, म्हणाली बघते.

मग तिने जे सांगितलं ते तुला कळवलंच पाहिजे. अटक झाली तेव्हा नवऱ्याने तिला शपथेवर सांगितलं होतं, की त्याने त्या दुकानात पाऊलही टाकलेलं नाही. तिने ते मानलं नाही. मापं घेताना तुम्हीच तर सांगत होता की या तपासणीत चूक होत नाही, असं ती मला म्हणाली. आवाज चढवला नाही. तीन वर्षांत ती त्याला भेटायला एकदाही गेली नाही. मुलीला बाप लांब कामाला गेलाय म्हणून सांगितलं.

आता तो घरात आहे, बाहेरच्या खोलीत झोपतो. तिला कळत नाही की आपण निरपराध नवऱ्याला टाकलं होतं, की म्हाताऱ्याचा डोळा फोडणाऱ्या माणसाला घरात घेतलंय. ती म्हणाली की भावाला विचारून एकदा नक्की सांगा, याने केलं की नाही.

बारक्या, भावालाच पाठवते, एवढं सांगून मी उठले. हे उत्तर मी पत्रातून पोचवणार नाही. तूच ये.

वाट बघते.

तुझी,
ताई


२१ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

परवा येऊन गेलो. तुझ्याकडे आलो नाही, कारण आधी तुझ्याकडे आलो असतो तर तिथेच बसलो असतो. राग मानू नकोस.

दार तिने उघडलं. मी कोण ते सांगितलं, तर आत या म्हणाली. तो स्टुलावर उभा राहून पत्र्याच्या तुकड्याने भिंतीचा जुना रंग खरवडत होता. वळून बघितलं नाही. पाठीवरून म्हातारा वाटला, माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहे.

तिने तोच प्रश्न विचारला, त्याच्यासमोरच. मी म्हणालो की मला माहीत नाही. आता कुणालाच कळणार नाही, ज्यातून कळलं असतं ते मी संपवून बसलो. तिला वाटलं मी आडपडदा ठेवतोय. तिने वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारलं, नक्की नसेल तर निदान अंदाज सांगा, शंभरात किती. ताई, कडीवरचा अंश दुसऱ्या कुणाचा असण्याची शक्यता कित्येक कोटींत एक, असा आकडा मी कोर्टात सांगितला होता, कागदावर न बघता. तिच्यासमोर मला एकही आकडा सांगता आला नाही. मी हात जोडले. तेही चुकलंच. हात जोडले की समोरच्याला काहीतरी म्हणावं लागतं.

खरवडणं थांबलं. तो भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाला, की केलं की नाही ते या घरात एका माणसाला पक्कं माहीत आहे, पण तो आल्यापासून त्याला कुणी विचारलेलं नाही.

ती त्याच्याकडे वळली. तोंड उघडलं, पण माझ्यादेखत तिच्याने विचारवेना. माझं तिथे दुसरं काही काम नव्हतं. मी चपला घातल्या आणि बाहेर पडून दार ओढून घेतलं.

लोभ असावा असं लिहायला हात धजत नाही. उरला असेल तेवढा राहू दे.

तुझा,
बारक्या